मास्तरांची अडीच पानं

माझं अक्षर चांगलं आहे, हे लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं की त्यानं माझं नुकसानच झालं. वळणदार अक्षराच्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की आपली अक्कलही तेवढीच वळणदार आहे. बनारसमध्ये मी जे करून बसले त्याच्या मुळाशी हेच होतं. तेव्हा मी स्वतःला दुसरी पुष्कळ कारणं दिली होती. त्यातली काही खरोखर चांगली होती, म्हणून तर फसले.

ह्यांची नोकरी बँकेतली. साताऱ्याहून बदली होऊन आम्ही बनारसला आलो, सिगऱ्याला दोन खोल्या मिळाल्या, आणि पहिल्याच वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत कार्यक्रमांचा फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ त्या फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. वाचून झालं तरी हलेनात. मग त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"माझा हात थरथरतो हो आता. छापखानेवाले शिव्या देतात."

ते मास्तर. उभी हयात त्यांनी एका हिंदी शाळेत गणित शिकवलं आणि घरी येऊन मराठीत पुस्तकं लिहिली. पुण्यात लोक त्यांना काशीचे लेखक म्हणून ओळखत, आणि काशीत शेजारच्याला ते लिहितात हेसुद्धा माहीत नव्हतं. रामघाटाच्या वरच्या गल्लीत, थोरल्या भावाच्या घरात, माडीवरची एक खोली त्यांची. लग्न केलेलं नव्हतं. थोरले भाऊ मोठे वेदपाठी. सगळा घाट त्यांना गुरुजी म्हणे, मीही तेच म्हणू लागले. सकाळी खालच्या ओसरीवर त्यांचे विद्यार्थी बसत. मोतीबिंदूचं ऑपरेशन फसून गुरुजींची नजर जवळजवळ गेली होती, उजेड आणि सावली एवढंच कळे. पण शिकवायला त्यांना पुस्तक कधी लागलंच नव्हतं. जे ऐकलं ते राहिलं, असा तो माणूस होता.

तीन वर्षं मी मास्तरांच्या छापखान्याच्या प्रती लिहून दिल्या. चौथ्या वर्षी माघातल्या थंडीत मास्तर गेले. शेवटचं पुस्तक लिहून झालं होतं, प्रत व्हायची राहिली होती.

तेरावं झाल्यावर गुरुजींनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. "बाई, वर त्याचे कागद आहेत," ते म्हणाले. "दीमक लागली आहे असं सून म्हणते. तुम्ही बघा. तुमच्याशिवाय कुणाच्या हाताला ते कळायचे नाहीत."

दीमक म्हणजे वाळवी. मी वर जाऊन भिंतीतलं फडताळ उघडलं. मागच्या भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या उतरल्या होत्या आणि थेट वह्यांच्या गठ्ठ्यात शिरल्या होत्या. वरची वही उचलली तर तिचा कोपरा हातात भुगा होऊन आला. मी मोठ्यानं ओरडले, "अहो, हे आधी का नाही सांगितलंत कुणी!" मेलेल्या माणसाच्या खोलीत असं ओरडू नये, पण ओरडले खरी.

मग महिनाभर माझा मुक्काम त्या खोलीत. रोज दुपारी घरचं आवरून जायचं आणि संध्याकाळी परत. मऊ ब्रशनं एकेक पान झाडायचं, सावलीत वाळवायचं, वेखंडाची पूड घातलेल्या फडक्यात बांधायचं. शेवटचं पुस्तक आठ वह्यांत होतं. बाकी पसारा वेगळा. पुण्याहून आलेली पोस्टकार्डं, शाळेतल्या पेपरांच्या पाठीवर पेन्सिलीनं केलेली टिपणं, पंचांगाच्या समासात लिहिलेला घरखर्च आणि हवामान, चष्म्याचा नंबर, एका न पाठवलेल्या राजीनाम्याचे चार खर्डे. ते सगळं मी एका पत्र्याच्या ट्रंकेत भरलं आणि गुरुजींना विचारून सिगऱ्याला आमच्या घरी नेलं, कारण रामघाटाच्या त्या भिंतीचा मला भरवसा नव्हता. आठ वह्या मात्र गुरुजींनी हलवू दिल्या नाहीत. "त्याचं शेवटचं आहे," ते म्हणाले. "नक्कल इथंच बसून करा."

आणि त्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या घराची रीत सांगितली. जीर्ण पोथीची नक्कल करायची. नक्कल पक्की झाली, जिथं जायची तिथं पोचली, की जुनी गंगेला द्यायची. दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत, कारण जुनीतली दीमक नवीला खाते. मी मान डोलावली. माझ्या मते ते पोथ्यांबद्दल बोलत होते. मास्तरांच्या वह्या म्हणजे शाळेच्या दुकानातून आणलेल्या दुरेघी वह्या, त्यांना कोण पोथी म्हणणार? त्यांच्या मते भावानं हातानं लिहिलेला कागद म्हणजे पोथीच होती. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून दोन वेगळ्या गोष्टी बोलत होतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

त्या काळी झेरॉक्स वगैरे आमच्यापर्यंत आलं नव्हतं. हातानं लिहिणं हीच नक्कल. मी रोज दहा-बारा पानं उतरवत होते. पुस्तक काशीतल्या मराठी घरांच्या आठवणींचं होतं. मंगला गौरीजवळची श्रावणातली बायकांची गर्दी, भोसले घाटावर पोहायला शिकलेली पोरं, देशावरून आलेल्या यात्रेकरूंना घरात उतरवून घेताना होणारी तारांबळ. मास्तरांची भाषा बनारसी मराठी, किवाड, नाव, जल्दी, खटिया सर्रास. त्याचं मी दार, होडी, लवकर, बाज करत गेले. पुण्याच्या लोकांनी हसू नये म्हणून. कुणी सांगितलं होतं मला? कुणी नाही.

सहाव्या वहीत ती अडीच पानं आली.

ती त्यांच्या बहिणीबद्दल होती. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्ये एक दार. रोज पहाटे दाराच्या अलीकडे गुरुजी पाठ म्हणत आणि पलीकडे ती चुलीशी बसून ऐकत असे. एकदा दक्षिणेकडचे मोठे विद्वान गुरुजींची परीक्षा घ्यायला आले. ओसरी भरलेली. मध्येच गुरुजी अडले. पुढचे शब्द सुचेनात. सगळे थांबले. आणि आतून, चुलीपासून, बाईच्या आवाजात पुढचे शब्द आले. गुरुजींनी तिथून धागा उचलला, परीक्षा पुरी केली, अंगावर शाल घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावून त्या दाराला ओसरीच्या बाजूनं कडी बसवून घेतली. पाठाच्या वेळी ती लागायची. बहीण त्यानंतर अकरा वर्षं जगली. दोन्ही वेळचं रांधून वाढलं, पण भावाशी शब्द बोलली नाही.

वाचता वाचता माझा हात थांबला. मी त्याच ओसरीच्या वर बसले होते. खालून गुरुजींचा आवाज येत होता, विद्यार्थ्याला एकच ओळ पाचव्यांदा सांगत होते, न रागावता. दर दुपारी सुनेच्या हातून माझ्यासाठी वर ताक पाठवणारा माणूस. ऐंशीला टेकलेला. मी मनात म्हटलं, ह्यांना काय कल्पना असणार की भावानं हे लिहून ठेवलंय. पुस्तक छापून येईल, कुणीतरी पुण्याचा शहाणा ते हौसेनं वाचून दाखवेल, आणि ह्या वयात घाटावर तोंड दाखवायची चोरी होईल. मास्तर गेले, ते सुटले. भोगायचं ह्यांनी.

चांगलं कारण होतं की नाही? शिवाय मूळ वही होतीच. पुढे कुणाला वाटलं तर तो बघेल. मी ती अडीच पानं ओलांडली आणि पुढच्या प्रकरणाचं शीर्षक लिहिलं. खरं सांगायचं तर हात जरासुद्धा कापला नाही. उलट, आपण काहीतरी मोठं समंजसपणाचं करतोय, असं वाटून मी त्या दिवशी घरी जाताना खुशीत होते.

नक्कल पुरी झाली त्या दिवशी गुरुजींनी मला समोर पाटावर बसवलं. माझ्या प्रतीवरून त्यांनी तळहात फिरवला, जाडी बघितली.

"मुळाबरहुकूम आहे ना, बाई?"

"हो," मी म्हटलं.

"एक अक्षर कमीजास्त नाही?"

"नाही."

त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. त्यांनी सांगितलं नाही. त्या घरात नक्कल करणाऱ्याचा शब्द पुरेसा असे.

पार्सल पुण्याला गेलं. तीन आठवड्यांनी प्रकाशकाचं कार्ड आलं, प्रत सुखरूप मिळाली, सवडीनं वाचून लिहितो. मी ते कार्ड घेऊन मुद्दाम रामघाटावर गेले आणि गुरुजींना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा सैल झाला. "पोचली," ते म्हणाले. "म्हणजे झालं." मी ताक पिऊन घरी आले. काय झालं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं, गंगा दशहऱ्याच्या दिवशी सकाळी अकराच्या टपालानं प्रकाशकाचं दुसरं पत्र आलं. ते मी दारातच उभं राहून वाचलं. प्रत उत्तम आहे, असं आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं, की बहिणीवरचं प्रकरण सापडत नाही. पानं राहून गेली आहेत का? मास्तरांनी आजारपणात लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की हे सगळं पुस्तक त्या एका प्रकरणासाठी लिहिलंय, बाकीचं त्याच्या सोबतीला आहे. ते प्रकरण आल्याशिवाय छपाई सुरू करता येत नाही. शक्य असल्यास मूळ वहीच पाठवावी.

मला आधी राग आला तो प्रकाशकाचा. मग मास्तरांचा, मला का नाही सांगितलंत म्हणून. मग काही क्षणांनी गुरुजींचं ते "म्हणजे झालं" आठवलं आणि दशहरा आठवला. गंगेचा दिवस. पोथी गंगेला द्यायला याहून चांगला दिवस त्या माणसाला वर्षात मिळणार नव्हता.

मी गॅस बंद केला की नाही ते आजही सांगता येत नाही. रिक्षा केली. मैदागिनपर्यंत ती कशीबशी आली, पुढे माणसांची भिंत. सगळं बनारस न्हाऊन ओल्या कपड्यांनी परतत होतं आणि मी एकटी उलट्या दिशेनं घुसत होते. जेठाचं, म्हणजे ज्येष्ठातलं, ऊन डोक्यावर. गल्लीत एक म्हैस आडवी उभी, तिला मी साताऱ्याच्या भाषेत जे बोलले ते इथं लिहीत नाही. गुरुजींच्या घराचं दार सुनेनं उघडलं.

"गुरुजी कुठं आहेत?"

"ते तर आत्ताच गेले घाटावर. गर्दी कमी व्हायची वाट बघत होते. काकांच्या कॉप्या घेऊन गेलेत." कॉप्या म्हणजे वह्या.

मी पायऱ्यांकडे धावले. जेठात नदी खाली गेलेली असते, पायऱ्या संपता संपत नाहीत. अर्ध्यावर आले तेव्हा नाव दिसली. मध्यधारेला, अगदी सावकाश चाललेली. वल्ह्यावर मल्लाह, आणि मधल्या फळीवर गुरुजी, मांडीवर लाल कापडाचं गाठोडं.

"थांबा!" मी ओरडले. "रोकिए! गुरुजी, थांबा!"

घाटावर शंख, घंटा, पोरांच्या उड्या. मी पदर हातात धरून हलवायला लागले. शेजारी बांधलेल्या नावेतल्या मल्लाहाला म्हटलं, भैय्या, त्या नावेपर्यंत चला, आत्ता, लगेच. तो विडी ओढत निवांत म्हणाला, "बइठा माई, गुरुजी अब्बे लउटिहें." बसा, गुरुजी आत्ताच परततील, म्हणे.

गुरुजींच्या नावाड्यानं मात्र मला बघितलं. तो वाकून गुरुजींना काहीतरी म्हणाला. गुरुजींनी तोंड किनाऱ्याकडे वळवलं. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण मी आल्याचं त्याच्याकडून कळलं होतं. मास्तरांच्या वह्यांना निरोप द्यायला मी आले आहे, असं समजून त्यांनी माझ्या दिशेनं हात जोडले. मग गाठोडं उचलून कपाळाला लावलं आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. टाकलं नाही, सोडलं, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना ठेवतात तसं. आत दगड बांधलेला असणार. लाल रंग क्षणभर दिसला आणि गेला.

नाव परत आली. नावाड्याच्या खांद्यावर हात ठेवून गुरुजी पायऱ्या चढले. "आलात? बरं झालं," ते म्हणाले. "त्याचं सगळं नीट झालं."

माझ्या हातात ते पत्र होतं, घामानं ओलं. मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. बोलायला हवं होतं. नाही बोलले. भित्रेपणाच, दुसरं नाव नाही त्याला.

पुढचे चार दिवस मी घरात कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पत्र्याची ट्रंक उपसली. कुठंतरी त्या अडीच पानांचा कच्चा खर्डा असेल, एखादं पेन्सिलीचं टिपण, बहिणीचं नुसतं नाव, एखादं कार्ड. प्रत्येक पेपराची पाठ बघितली, पंचांगाचा प्रत्येक समास बघितला. पावसाची नोंद होती, दुधाची होती, राजीनाम्याचा पाचवा खर्डासुद्धा सापडला. बहिणीबद्दल एक अक्षर नाही. एवढा माणूस कागदावर जगला, आणि तिच्याबद्दल आयुष्यात एकदाच लिहिलं, तेही मी वगळलं. आता ती बाई जगात कुठंच नव्हती. चुलीशी बसून तिनं काय शिकून घेतलं होतं, ते सांगणारा एक कागद होता, आणि तो माझ्या 'हो'मुळे गेला. ह्या विचारानं मला जेवण जाईना.

हे म्हणाले, "तुला गोष्ट आठवते ना? मग लिहून टाक की दोन पानं. अक्षर तुझंच, भाषा त्यांची तुला पाठ. कुणाला कळणार आहे?"

आयुष्यभर खोट्या सह्या पकडण्यात गेलेला माणूस मला हा सल्ला देत होता. मी त्यांना फाडकन बोलले. पण दुपारी ते बँकेत गेल्यावर बसले लिहायला, खोटं कशाला बोलू. गोष्ट सगळी आठवत होती. शब्द आठवत नव्हते. मी लिहिलेलं मास्तरांसारखं दिसत होतं, पण त्यात एक बाई सारखी हळहळत होती. मास्तर त्या पानांत हळहळले नव्हते. त्यांनी नुसतं सांगितलं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं, आणि पाचव्या दिवशी दुपारी चपला घालून रामघाटाकडे निघाले.

गुरुजी ओसरीवर एकटेच होते. विद्यार्थी जेवायला गेलेले. मी पाटावर न बसता खाली फरशीवर बसले आणि एका दमात सांगितलं. तुमच्या बहिणीवरची अडीच पानं होती, ती मी मुद्दाम गाळली, तुम्हाला लागेल म्हणून गाळली, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले, आणि आता मूळही राहिलं नाही. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही.

आत सून भांडी लावत होती, तो आवाज थांबला. मला वाटलं आता उठायला सांगतील, आणि मी उठून जाईन, आणि ह्या घरात माझं तोंड पुन्हा कुणी बघणार नाही.

"आणखी काय बदललंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. किवाडाचं दार केलं, नावेची होडी केली, जेवढे शब्द आठवले तेवढे सांगितले.

"ते तर घरचे शब्द होते," ते म्हणाले. रागानं नाही. पण ते मला शिवीपेक्षा लागलं. पुढे मी पुण्याला पत्र लिहून आठवले तेवढे शब्द परत बसवून घेतले. न आठवलेले किती असतील, देव जाणे. ते अजून त्या पुस्तकात माझेच आहेत.

मग ते म्हणाले, "ती पानं त्यानं मला वाचून दाखवली होती. दोनदा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नजर गेल्यापासून तो अधूनमधून रात्री लिहिलेलं मला वाचून दाखवायचा. हे वाचलं तेव्हा म्हणाला, दादा, हे ठेवू की काढू? मी म्हटलं, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. मी म्हटलं, राहू दे."

म्हणजे मी ज्याच्यापासून लपवत होते, त्याला ते पाठ होतं. मी 'हो' म्हटलं तेव्हा ह्या माणसानं असं धरलं होतं, की आपली ती कडी आता सगळ्या मराठी मुलखापुढे जाणार. आणि ते धरूनच पार्सल पाठवायला लावलं होतं. वह्या गंगेला दिल्या, त्याही हे धरूनच. मी वाचवायला निघाले होते अशा माणसाला, ज्याला वाचायचंच नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

"कागद आहे ना?" ते म्हणाले. "लिहा."

त्यांनी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि विद्यार्थ्याला संथा देतात तसे तीन-तीन, चार-चार शब्द सांगू लागले. आवाज वर नाही, खाली नाही.

"ती परत आली — तेव्हा एकोणीस वर्षांची होती. — चूल आणि ओसरी — यांच्यामध्ये एक किवाड होतं. — ते तेव्हा — बंद होत नसे."

मला शब्दन् शब्द ओळखू येत होता. हेच होतं, असंच होतं. परीक्षेचा दिवस आला. आपलं अडणं त्यांनी सांगितलं, आतून आलेला आवाज सांगितला, शाल सांगितली. कुठंही घाई केली नाही, कुठंही शब्द मऊ केला नाही. "दुसऱ्या दिवशी — भावानं सुतार बोलावला — आणि ओसरीच्या बाजूनं — कडी बसवली. — मी तेव्हा — तेवीस वर्षांचा होतो. — बोलण्याइतका मोठा होतो. — मी बोललो नाही." तो 'मी' म्हणजे मास्तर. आतलं दार उघडंच होतं आणि सून उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती. तिनं हे आधी कधी ऐकलेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गुरुजींना ती दिसत नव्हती, पण कुणी आलंय हे त्यांना कळलं असणारच. ते थांबले नाहीत.

"अकरा वर्षं — ती त्याच्याशी बोलली नाही. — स्वयंपाक मात्र — एक दिवस चुकला नाही."

इथं प्रकरण संपत होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या ओळीखाली मास्तरांनी आडवी रेघ मारली होती आणि त्या रेघेकडे मी किती वेळ बघत बसले होते. मी पेन खाली ठेवलं.

"ठेवू नका," गुरुजी म्हणाले. पेन फरशीला लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. "तिनं सांगितलेले शब्द — बरोबर होते. — भावाला ते — त्याच क्षणी कळलं होतं. — पुढे रोज — कडी लावताना — ते त्याला कळत होतं."

मी लिहिलं नाही. म्हटलं, "गुरुजी, हे वहीत नव्हतं."

"होतं."

"रोज कडी लावताना तुम्हाला काय कळत होतं, हे मास्तरांना कसं ठाऊक असेल?"

जन्मभर ऐकल्यात एक मात्रा घातली नाही की वगळली नाही, असा तो माणूस. त्यांच्या त्या निकामी डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

"लिहा, बाई," ते म्हणाले. "आणि खाली रेघ मारा."

मी लिहिलं, आणि खाली रेघ मारली.